वूफरशिवाय बेस येत नाही, असं सांगून माझ्या गाडीत काय बसवलं गेलं

सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, न लावताही गाडीत डग्गा आणि पखवाज व्यवस्थित ऐकू येतात. हे आधी लिहितोय, कारण मला ज्यांनी फसवलं त्यांचा सगळा धंदा याच्या उलट वाक्यावर चालतो. "साहेब, वूफर नाही म्हटल्यावर बेस कुठून येणार?" गिऱ्हाइकाने हे एकदा मान्य केलं की दारात काय बसवलंय आणि कसं बसवलंय याची चौकशी कुणी करत नाही. आवाज पातळ आला तर वूफर नाही म्हणून आला, एवढ्यावर विषय मिटतो आणि वूफर विकण्याचा विषय सुरू होतो.

माझी गाडी सेकंडहँड स्विफ्ट, सर्वात साधं मॉडेल. कंपनीचा टेप त्यात नव्हताच. डिकीत सीएनजीची टाकी आहे, त्यामुळे वूफरची पेटी ठेवायला जागा नाही आणि मला ती नकोही होती. चिंचवडहून कराडला गावी जाताना अभंग आणि नाट्यपदं नीट ऐकता यावीत, एवढंच हवं होतं. मागच्या दारांवर खर्च न करता सगळे पैसे पुढच्या दोन दारांत घालायचे हेही ठरवलं होतं. पुण्यातल्या एका दुकानाने व्हॉट्सॲपवर दर पाठवले. टू-डिन (मोठ्या आकाराचा) स्टिरिओ ७,०००, नावाजलेल्या कंपनीची साडेसहा इंची कंपोनंट जोडी, म्हणजे वरच्या सुरांचा ट्वीटर वेगळा असलेले स्पीकर, ६,०००, दोन्ही दारांचं डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याचा थरथराट दाबणारा थर, ३,०००, मजुरी १,५००. एकूण १७,५००. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. फसवणुकीची पद्धत ओळखता यावी म्हणून हे लिहितोय.

काम चालू असताना गाडीजवळ थांबू दिलं नाही. "आत एसीत बसा, कारागिराला अडचण होते." संध्याकाळी गाडी हातात आली तेव्हा दोन्ही डोअर पॅड (दारांची आतली कव्हरं) लागलेले, स्टिरिओ चमकत होता आणि आवाज मोठाही होता. शब्द कानाला टोचतील इतके तीक्ष्ण येत होते, पण डग्गा गायबच. पखवाजाची थाप टिचकीसारखी वाजत होती. तक्रार केल्यावर दुकानदाराने अजिबात वाद घातला नाही. उलट समजूत काढल्यासारखं बोलला. दारातल्या स्पीकरची एवढीच ताकद असते, सीटखाली बसणारा छोटा वूफर येतो, ९,५०० ला देतो, तुम्ही आपलेच आहात. माल दोन-चार दिवसांत येईल म्हणून ३,००० ॲडव्हान्स घेतला आणि "वायर आत्ताच ओढून ठेवतो" म्हणत बॅटरीपासून ड्रायव्हरच्या सीटखालपर्यंत जाड लाल वायरही टाकून दिली.

ही फसवणूक उघड केली माझ्या मावसभावाने. दादा कराडला भजनी मंडळांचे आणि गणेश मंडळांचे स्पीकर दुरुस्त करतो. गाडीत बसून त्याने एक अभंग लावला, स्टिरिओचा बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, मग पूर्ण उजवीकडे. दोन्ही वेळा पखवाज थोडा भरून आला. बॅलन्स मध्यावर आणला की परत नाहीसा. "एका दाराची वायर उलटी आहे," तो म्हणाला. डोअर पॅड काढायच्याही आधी.

प्रत्येकाने आपल्या गाडीत ही परीक्षा करून बघावी. तिला एक पैसाही लागत नाही. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे आले पाहिजेत. एकाची अधिक-उणे वायर उलटी जोडली तर डावा पुढे येताना उजवा मागे जातो, आणि खालचे सूर हवेतच एकमेकांना मारतात. वरचे सूर तेवढे मरत नाहीत, म्हणून शब्द स्पष्ट राहतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं की स्पीकर चालू आहेत, फक्त बेस कमी आहे. दोघं मिळून वाजताना बेस कमी आणि एकटा वाजताना जास्त येत असेल, तर वायरिंग उलटं आहे असं समजा. डोअर पॅड काढला असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरला क्षणभर लावून बघता येतं. सेलची अधिक बाजू स्पीकरच्या अधिकला लावली की पडदा बाहेर उचलला जातो.

दुसरी गोष्ट स्टिरिओच्या सेटिंगमध्ये निघाली. त्यात हायपास फिल्टर असतो, मेनूत एचपीएफ नावाने दिसतो. ठरवलेल्या आकड्याच्या खालचे सूर तो दारातल्या स्पीकरपर्यंत जाऊ देत नाही. वूफर असेल तर त्याचा उपयोग आहे. वूफर नसलेल्या गाडीत तो बंद ठेवतात किंवा ५० ते ८० हर्ट्झच्या आसपास. माझ्या गाडीत तो १६० हर्ट्झवर होता. डग्ग्याचा मुख्य घुमारा त्याच्या बराच खाली येतो, म्हणजे तो कापूनच टाकला होता. वायर चुकून उलटी लागू शकते, हे मी समजू शकतो. पण स्टिरिओच्या वायरी रंगाने ओळखू येतात, प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली वायर उणे असते, आणि रोज हेच काम करणाऱ्या माणसाकडून उलटी वायर आणि १६० चा फिल्टर एकाच गाडीत आणि तेही वूफर विकायच्या आधी जमून येणं, हा योगायोग मी मानत नाही.

दादाने वायर सरळ केली आणि फिल्टर ६० वर आणला. त्याच स्पीकरमधून निम्मा पखवाज परत आला. तोपर्यंत एकही नवी वस्तू विकत घेतलेली नव्हती.

मग डोअर पॅड काढला. ३,००० रुपयांचं डॅम्पिंग म्हणजे स्पीकरच्या मागे पत्र्यावर चिकटवलेला तळहाताएवढा एक तुकडा. तोही डांबराचा, गच्चीची गळती बंद करायला वापरतात तसला. खरं डॅम्पिंग ब्युटाइल रबराचं असतं, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, जाडी बहुधा दोन मिलिमीटर. डांबराची पट्टी उन्हात मऊ पडते, ओघळते आणि बंद गाडीत वास सोडते. पण वासापेक्षा मोठं नुकसान आवाजाचं आहे. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. स्पीकरचा पडदा पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागून ओढतो, आणि मागची हवा त्या भोकांतून पुढे आली की खालचे सूर तिथेच संपतात. तडा गेलेल्या डग्ग्यावर कितीही चांगला वादक बसवला तरी घुमारा येत नाही, तसंच हे. भोकं बंद केली, बाहेरच्या पत्र्याचा थरथराट दाबला आणि स्पीकर घट्ट कड्यावर बसवला की दार हीच स्पीकरची पेटी होते. साडेसहा इंची चांगला स्पीकर मग ६०-७० हर्ट्झपर्यंत समाधानाने उतरतो. त्याखालचा छातीवर आदळणारा दणका हवा असेल तर वूफर लागतो, यात खोटं काही नाही. अभंगाला, भावगीताला, नाट्यपदाला तो लागत नाही. दाराच्या तळाशी पाणी जायला बारीक छिद्रं असतात, ती मात्र डॅम्पिंगने बुजवायची नाहीत. काचेच्या कडेने पाणी दारात उतरतंच, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात. माझ्या गाडीत स्पीकरखालचं कडं साध्या प्लायचं होतं. पहिल्याच पावसात ते फुगलं असतं.

स्पीकर नकली होते. खोका नावाजलेल्या कंपनीचा, आत भलताच माल. मागचं चुंबक मोठं दिसत होतं, पण त्यावर प्लास्टिकची टोपी होती आणि टोपी काढल्यावर आत लहानशी चकती. पडदा साध्या कागदाचा. ट्वीटरसोबतची क्रॉसओव्हरची डबी, जी वरचे आणि खालचे सूर दोन स्पीकरना वाटून देते, ती उघडली तर त्यात एकच कपॅसिटर डकवलेला, मुख्य स्पीकरला जाणारी वायर आरपार. खोक्यावर "५०० वॅट" छापलेलं होतं. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, कोणत्या देशात बनली ते आणि ग्राहक तक्रारीचा नंबर असायलाच हवा. या खोक्यावर एमआरपीचं सैल स्टिकर सोडून काही नव्हतं. खोका दुकानात आपल्यासमोर फोडायला सांगा, स्पीकर हातात घेऊन वजन बघा. कारागिराकडे खोका परस्पर गेला की मागाहून काही सिद्ध करणं कठीण जातं.

वॅटच्या आकड्याबद्दल थोडं. स्वस्त-महाग बहुतेक सगळ्या स्टिरिओवर "५० वॅट x ४" लिहिलेलं असतं. मागच्या बाजूचा फ्यूज बघा, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. गाडी चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात. १० अँपिअरचा फ्यूज म्हणजे आत जाणारी वीजच सुमारे १४० वॅट, त्यातला बराच भाग उष्णतेत जातो. मग २०० वॅट सतत बाहेर येणार कुठून? खरी सततची ताकद एका स्पीकरमागे २० वॅटच्या आसपास असते आणि गाडीत तेवढी पुरते. म्हणून स्पीकर घेताना मोठ्या आकड्याकडे बघू नका. आरएमएस, म्हणजे सततची ताकद, किती आणि कमी ताकदीत तो किती मोठा वाजतो ते विचारा. हे सांगू न शकणारा दुकानदार तुम्हाला फक्त खोका विकतोय.

आता त्या लाल वायरीबद्दल. मला सर्वात जास्त राग तिचाच आहे. बॅटरीपासून निघालेल्या त्या वायरीत फ्यूजच नव्हता. बॅटरीपासून फार तर दीड फुटाच्या आत फ्यूज असायलाच हवा, कारण पुढे कुठेही वायर सोलली आणि पत्र्याला टेकली तर बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून जातो आणि वायर पेटते. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून ती नुसत्या भोकातून आत आणली होती, रबराची गुंडी न लावता. तिथे पत्र्याची धार वायरीवर घासत होती. वायरही तांब्याची नव्हती. दादाने ब्लेडने तार खरवडली तर तांबूस रंगाखाली पांढरं ॲल्युमिनियम निघालं. ही सीएनजीची गाडी आहे आणि तिच्यात माझी आई आणि मुलं बसतात. स्पीकर नकली दिले, पैसे गेले, एवढं मी एक वेळ सोडून दिलं असतं. हे सोडणार नाही.

कंपनीच्या वायरिंगचा कपलर (स्टिरिओला जोडायचा सॉकेट) कापून वायरी पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेला होता. गाडी वॉरंटीत असेल तर एवढ्यावरून विजेच्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. आपल्या मॉडेलचा तयार कपलर बाजारात थोड्या पैशांत मिळतो, एकही वायर न कापता स्टिरिओ बसतो. बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिक उपकरणं विमा पॉलिसीत वेगळी नोंदवून घ्यावी लागतात, हेही काम झाल्यावर लगेच करा.

दुकानात परत गेलो तेव्हा उत्तर ठरलेलं होतं. इलेक्ट्रिक मालाला गॅरंटी नसते आणि पॅड बाहेर उघडला म्हणजे तुम्हीच माल बदलला असेल. पक्कं बिल मागितलं होतं तेव्हा त्याने कोऱ्या कागदावर एकूण रक्कम लिहून दिली होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हेही त्यातच येतं. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी त्यापुढे टिकत नाही. माझ्याकडे व्हॉट्सॲपवरचे दर होते, यूपीआयची पावती होती आणि दादाने पॅड काढताना पहिल्या स्क्रूपासून केलेलं चित्रीकरण होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक दुकानदाराला पाठवला. त्यानंतर त्याचा आवाज बदलला. स्पीकरचे ६,००० आणि ॲडव्हान्सचे ३,००० परत आले. डॅम्पिंग आणि मजुरीचे आले नाहीत.

त्या पैशांसाठी आणि मुख्यतः त्या वायरीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तयार करतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची असते आणि खरेदी कुठेही झालेली असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील लागतोच असं नाही. लाल वायर काढून पिशवीत ठेवली आहे, डांबराचा तुकडाही.

परत आलेल्या पैशांत दुसरीकडून अस्सल स्पीकर घेतले, ब्युटाइल शीट आणली आणि दादासोबत दोन्ही दारं घरीच केली. स्टिरिओ तोच आहे, वूफर नाही, वेगळा ॲम्प्लिफायरही नाही. तुमच्याकडे दुकानाने "वूफरशिवाय असंच वाजणार" म्हणून परत पाठवलेली गाडी असेल, तर आज रात्री पार्किंगमध्येच बॅलन्स एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे नेऊन बघा, आणि बॉनेट उघडून बॅटरीच्या अधिक टोकाला कुणी फ्यूज न लावता जादा वायर जोडली आहे का, तेही.