पानांच्या फोटोसाठी एक्स्टेन्शन ट्यूब: वापरून झाल्यावर

पानांचे जवळून फोटो काढायचे म्हटलं की दुकानात पहिलं उत्तर मिळतं, ‘मॅक्रो लेन्स घ्या.’ फुलपाखरं, चतुर यांच्यामागे फिरणाऱ्यांनी जरूर घ्यावी. पण पान पळून जात नाही. त्याच्या अगदी जवळ जाता येतं, आणि तेवढ्यासाठी ५० मिमीची साधी एफ १.८ लेन्स आणि १२, २०, ३६ मिमीच्या तीन ट्यूबचा संच भरपूर झाला, असं माझं ठाम मत आहे. मी अंबाजोगाईत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गात दाखवायचे पानांचे फोटो आता याच संचावर काढते.

ट्यूब म्हणजे नुसती पोकळ नळी. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवली की लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि जवळचं फोकस होऊ लागतं. आत काचच नाही, त्यामुळे हलक्या प्रतीच्या काचेनं चित्र धुरकट होण्याचा प्रश्न येत नाही. माझी लेन्स एरवी ०.२१ पटीच्या पुढे जात नाही, म्हणजे सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूच्या फार तर ०.२१ पट. ३६ ची ट्यूब लावली की ०.९ च्या वर पोचते. माझ्या क्रॉप (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यात मग पानाचा अडीच सेंटीमीटरचा तुकडा फ्रेमभर दिसतो. तिन्ही एकदम लावल्या तर दीड सेंटीमीटरच, पण तेव्हा पान लेन्सच्या इतकं जवळ येतं की लेन्सचीच सावली त्यावर पडते. मी तसं क्वचित करते.

काय दिसतं म्हणाल, तर कापसाचं पान उलटं करा. मागच्या मुख्य शिरेवर, देठापासून थोडं पुढे, एक लांबट खळगा असतो. ती मधुग्रंथी. आमच्या शेतात त्या खळग्यात चकाकणारा थेंब होता आणि काठावर मुंगी तोंड लावून बसलेली. सासरे म्हणाले, “मुंग्या आल्या म्हणजे मावा असणार.” मावा ही पानाचा रस शोषणारी कीड, तिच्या गोड स्रावासाठी मुंग्या येतात. मी फोटो मोठा करून दाखवला, “मामा, मावा कुठंच नाही, ह्या मधावर आल्यात.” त्याच फोटोत पानभर पसरलेले गॉसिपॉलच्या (कापसातल्या विषारी द्रव्याच्या) ग्रंथींचे काळे ठिपकेही सुटे सुटे मोजता येतात.

पळसाला पाने तीनच, पण त्यातल्या एकाच्या मागचं शिरांचं जाळं बघत सकाळ निघून जाते. गावाजवळच्या मुकुंदराजाच्या दरीत पावसाळा सरता सरता सागाची अळीनं खाल्लेली पानं मिळतात. हिरवा भाग संपलेला आणि नुसत्या शिरांची जाळी उरलेली. ते पान ऊन त्याच्या मागून येईल असं टिपा. रुईच्या पानामागची पांढरी लव मात्र कोवळ्या, तिरप्या उजेडातच उठून दिसते.

आता अडचणी. ३६ च्या ट्यूबवर सुमारे दोन स्टॉप उजेड कमी होतो, म्हणजे साधारण चौथा हिस्साच उरतो. एरवी १/२०० सेकंदाला निघणारा फोटो १/५० वर येतो. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, एफ ८ इतकं बारीक ठेवूनही जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो, म्हणून कॅमेरा पानाला अगदी समांतर धरावा लागतो. ट्रायपॉड हवाच. आपल्याकडे बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावर नऊनंतर वारा सुटतो, मग काही खरं नाही. मी जमिनीत एक काडी रोवते आणि कपड्यांच्या चिमट्यानं देठ तिला धरून ठेवते. पान तोडू नका, तोडलेलं पान बघता बघता मलूल होतं. चकचकीत पानांसाठी पोलरायझर फिल्टर जवळ ठेवा. पृष्ठभागाची चमक कमी झाली की खरा हिरवा रंग येतो, फक्त आणखी थोडा उजेड जातो.

घेताना एक बघाच: ट्यूबला विजेचे संपर्कबिंदू हवेत. ते नसलेल्या अगदी स्वस्त ट्यूबवर कॅमेऱ्यातून अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. मला आलेल्या पहिल्या संचाची २० ची ट्यूब सैल होती; जरा हलली की स्क्रीनवर ‘एरर ०१’, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सचा संपर्क तुटला. विक्रेत्यानं बदलून दिली, पण तीन आठवडे लावले आणि तेवढ्यात सागाचा हंगाम निघून गेला, याचा मला खरंच राग आहे. त्यामुळे पार्सल आल्या दिवशीच प्रत्येक ट्यूब लावून, हलवून बघा. अशा ट्यूबवर जड झूम लेन्स लटकवू नका.

आणि धूळ. ट्यूब बदलताना कॅमेरा उघडा पडतो, आणि आपली काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात क्षणात आत शिरते. मी घरूनच १२ आणि २० ची जोडी लावून निघते, ०.८५ पट मिळते, बहुतेक पानांना तेवढं पुरतं. ३६ ची गाडीत बसून, काचा वर करून लावते. अडीच हजारांच्या आत मिळालेल्या या संचाला मी पाचपैकी चार देईन. एक गुण त्या सैल ट्यूबचा गेला.