लाईट हाय काय? गिरणीतल्या फायबर फोनचे अकरा महिने

बेळगावात वडगावला आमची पिठाची गिरणी, आणि लागूनच्या खोलीत चटणीचं कांडप. गिरणीवर दिवसभरात जे फोन येतात त्यातले निम्मे एकाच प्रश्नासाठी असतात: "लाईट हाय काय?" येळ्ळूर नाहीतर धामण्याहून सायकलला पोतं लावून यायचं आणि बंद गिरणीचं तोंड बघून परत जायचं, हे कुणाला परवडणार? म्हणून माणूस आधी फोन करतो.

हा नंबर वडिलांनी घेतलेला. पुढे सगळ्या लँडलाईनसारखा त्याच्याही आधी २ लागला, एवढाच काय तो बदल. पाटीवर तोच, पिशव्यांवर तोच, आणि गिऱ्हाइकांच्या घरात कॅलेंडरच्या मागे पेन्सिलनं लिहिलेलाही तोच. त्यामुळे गेल्या वर्षी ऑगस्टच्या पावसात तांब्याची तार कायमची बसली तेव्हा "मोबाईल आहे की, लँडलाईन कशाला?" हा मुलाचा सल्ला मी ऐकून सोडून दिला. तक्रारी तीन केल्या. शेवटी आलेला माणूस खांबाकडे बघत म्हणाला, "तांब्याचं आता कोण बघूलालं नाही काका. फायबर घ्या, नंबर तोच ऱ्हातो."

नंबर राहिला, पण का राहिला ते सांगायला हवं, कारण इथे बरेच जण फसतात. मोबाईलचा नंबर आपण या कंपनीतून त्या कंपनीत नेतो तसा लँडलाईनचा आपल्याकडे नेता येत नाही. मी जुन्याच कंपनीच्या फायबरवर गेलो म्हणून नंबर टिकला. आमच्या गल्लीतल्या एकानं स्वस्त मिळतंय म्हणून दुसऱ्याचं कनेक्शन घेतलं आणि बापाच्या वेळचा नंबर घालवून बसला.

ऑक्टोबरात भिंतीवर एक पांढरा डबा लागला. केसासारखी बारीक काच आत येते, डब्याच्या मागे इंटरनेटची भोकं आणि एक फोनचं छोटं भोक. आपला साधा फोन त्यात खोचायचा. बोलणं डब्यातच आकड्यांत बदलतं आणि त्याची बारीक बारीक पाकिटं होऊन काचेतून जातात. पुष्कळांना हे व्हॉट्सॲप कॉलसारखंच वाटतं. तसं नाही. व्हॉट्सॲपवर दोन्हीकडे व्हॉट्सॲप लागतं; हा फोन कुठल्याही नंबरला लागतो आणि कुठूनही येतो, समोरच्याला काही कळतसुद्धा नाही.

आवाजाचं आधी सांगतो. फार चांगला. पण फायबर म्हणजे आवाज जास्त शुद्ध, अशी जी जाहिरात होते ती अर्धीच खरी. फायबरवर बोलणं साधारणपणे जी.७११ नावाच्या पद्धतीनं जातं, सेकंदाला ६४ किलोबिट. जुन्या डिजिटल एक्स्चेंजमध्येही एका बोलण्याला तेवढीच जागा असायची. म्हणजे माल तोच. गेला तो ओल्या जॉइंटचा खरखराट. चंदगडची बहीण पहिल्या दिवशी म्हणाली, "आज काय गिरणी बंद ठेवलास काय? मागचा आवाजच येईना." गिरणी चालू होती. इतकी वर्षं ती जो "गिरणीचा आवाज" ऐकत होती तो तारेचा होता.

आणि स्पीडच्या मागे लागू नका. सगळा सरंजाम धरून एका कॉलला सेकंदाला ८० ते ९० किलोबिट पुरतात, त्यामुळे सगळ्यात लहान प्लॅनही फोनला अतोनात आहे. माझा ३९९ चा, १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपये बिल, त्यात बोलणं फुकट. रात्री उशिरा एसटीडी पाव दरात पडायची म्हणून वडील कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला झोपेतून उठवायचे, ते आठवलं की या बिलाबद्दल तक्रार करायला तोंड उघडत नाही.

वडिलांचा तबकडीचा काळा फोन मात्र या डब्याला पटला नाही. बाहेरून आलेला फोन घेता येतो. पण तबकडी फिरवून नंबर लावायला गेलं की डब्याला ते टकटक समजत नाही, त्याला बटणांचे सूर लागतात. घंटाही अशक्त वाजते, कारण जुन्या घंटेला जोर लागतो तेवढा डबा देत नाही. शेवटी बटणांचा फोन आणला, काळा देव्हाऱ्याशेजारी ठेवला. वरच्या मजल्यावरच्या एक्स्टेन्शनसाठी घरातलं जुनं वायरिंग वापरायचं असेल तर बाहेरून येणारी तांब्याची जोडी आधी कापून टाका. आमच्याकडे ती तशीच राहिली होती, आणि दोन दिवस फोन मुका का होता हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. मार्च उजाडला, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीची पोती लागली, कांडपाचा हंगाम सुरू झाला. एका दुपारी लाईट गेली. मी नेहमीसारखा फोनशेजारी बसलो, कारण लाईट गेली की फोन वाढतात. एकही आला नाही. अर्ध्या तासानं रिसीव्हर उचलला तर आत काहीच नाही. टोन नाही, खरखर नाही, कानाला नुसतं थंड प्लास्टिक. ज्या प्रश्नासाठी हा फोन ठेवलाय, तो विचारायची वेळ आली की फोनच मेलेला!

तांब्याच्या फोनला लाईटची गरज का नव्हती, याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. एक्स्चेंजमधून तारेवर ४८ व्होल्टचा करंट सतत यायचा आणि एक्स्चेंजला बॅटऱ्या होत्या. गावात अंधार असला तरी फोनला त्याचं सोयरसुतक नसायचं. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेनं खेड्यांसाठी बनवलेलं १२८ लाईनचं एक्स्चेंज १९८६ साली पहिल्यांदा बसलं ते आपल्याच जिल्ह्यात, कित्तूरला. एसीशिवाय, धुळीत आणि उन्हात चालावं असं ते बनवलेलं होतं. उन्हाची, धुळीची आणि लाईट जाण्याची काळजी तेव्हा त्या खोलीतल्या यंत्राची होती. काच करंट वाहून नेत नाही. त्यामुळे ती सगळी काळजी आता माझ्या भिंतीवरच्या डब्याची, म्हणजे माझी. हे कनेक्शन देताना मला कुणी सांगितलं नाही.

डब्याच्या जाळीत पीठ बसतं तेही मलाच काढावं लागतं. दर रविवारी अडॅप्टर काढून सायकलच्या पंपानं हवा मारतो. मे महिन्यात एकदा विसरलो तर मिरचीच्या तांबड्या धुळीचा थर बसून डबा इतका तापला की हात लावता येईना. आता तो कांडपाच्या भिंतीवरून काढून जिन्याखाली नेलाय. गिरणी, बेकरी, लाकडाची वखार असं काही असेल तर पहिल्याच दिवशी जागा नीट ठरवा. काच वाकवून दुसरीकडे नेणं आपल्या हातचं काम नाही.

लाईटसाठी आधी घरचा इन्व्हर्टर जोडला. तो जुना आहे, लाईट गेल्यावर बदली घ्यायला डोळ्याची पापणी लवेल इतका वेळ लावतो. पंख्याला ते कळत नाही, डब्याला कळतं. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि फोनचा दिवा लागायला दोन-तीन मिनिटं जातात. लाईट चारदा येऊन गेली की चारदा हेच. शेवटी एप्रिलात १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, म्हणजे मध्ये खंड न पडता डबा चालू ठेवणारी बॅटरी, घेतला, १,२५० रुपये. अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते बघून आणि पिन जुळवून घ्या. मी पहिला आणलेला परत करावा लागला. माझा साडेतीन तास चालतो. कनेक्शनच्या खर्चात ही रक्कम पहिल्या दिवसापासून धरा. यूपीएसशिवाय हा फोन लँडलाईन म्हणून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर मुळीच नको.

पावसाळ्याचा अनुभव तांब्यापेक्षा बरा. काचेला पाणी लागून खरखर होत नाही. होतं ते एकदम होतं. जुलैत गटाराचं काम चालू असताना जेसीबीनं केबल तोडली आणि डब्यावर तांबडा दिवा लागला. तक्रारीला फोन लावला तर पलीकडची बाई, "केंपु लाईट ऐतेन्री?" मी, "ऐती, ऐती." आमचं कन्नड बाजारापुरतं, पण तांबडा दिवा आणि उद्या येतो एवढ्याला पुरतं. उद्याचे चार दिवस झाले. तांबं असताना फोन अर्धमेला का होईना बोलायचा; काच तुटली की फोन आणि इंटरनेट दोन्ही एकदम जातात.

त्या चार दिवसांत ॲप कामाला आलं. कंपनीच्या ॲपमध्ये नंबर घातला की गिरणीचा फोन मोबाईलवरही वाजतो. भिंतीवरच्या फोनचं बोलणं कंपनी वेगळ्या वाटेनं नेते, त्यामुळे मुलं वर सिनेमा बघत असली तरी तिथे तुटत नाही. ॲपचं बोलणं मात्र बाकीच्या गर्दीतूनच जातं. एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर बोलणं अडत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मानक आहे. शिनोळीच्या पुढे चंदगडच्या वाटेवर ते कसलं मानक! दोघंही एकदम बोलतात, मग दोघंही गप्प. पूर्वी त्या वाटेवर फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडायचा आणि रोमिंगचे पैसे कापले जायचे, तो जाच मात्र कधीच संपला. आणि अडीअडचणीत मदतीसाठी ११२ ला लावायचं तर ॲपवर विसंबू नका. तुम्ही असणार घाटात, आणि नंबर गिरणीचा.

गिऱ्हाइकांना एक गोष्ट परत परत सांगावी लागते: मोबाईलवरून लँडलाईनला लावताना आधी शून्य. १५ जानेवारी २०२१ पासूनचा नियम आहे, म्हणजे ०८३१ लावूनच नंबर. नंबर नुसता लावून "तुमचा फोन बंद हाय" म्हणणारे अजून येतात.

फॅक्सचा प्रयोग एकदाच केला, अर्धं पान आलं, सोडून दिला.

बदलल्याचा पश्चात्ताप नाही. परत तांबं घे म्हणाल तर घेणार नाही, मिळणारही नाही. यूपीएस बसवल्यानंतर एक तक्रार मात्र नव्यानं सुरू झाली. मार्च-एप्रिलात लाईट गेली की फोनवर "बंद आहे" असं सांगणारी बाई यायची. लोकांनी त्याचा अर्थ लावून घेतला: बाई बोलली की लाईट नाही, रिंग झाली की आहे. एक रिंग ऐकायची, ठेवायचं आणि निघायचं. मे महिन्यात येळ्ळूरचे एक मामा भर दुपारी पाच किलो मिरची घेऊन आले. लाईट सकाळपासून नव्हती.

"रिंग झाली की गा!" मामा घाम पुसत म्हणाले.

"मामा, आता लाईट नसली तरी रिंग होते. फोनला बॅटरी बसवलोय."

मामांनी जिन्याखालचा डबा बघितला, मग कांडपाची दहा हॉर्सपॉवरची मोटर बघितली.

"मग ती बॅटरी हिला लाव की. फोन कशाला पायजे मला?"