धुळीच्या घरासाठी व्हॅक्यूम क्लीनर: पिशवीवाला ड्रम, आणि त्यातला कार्चर डब्ल्यूडी ३

रस्त्यालगतचा पहिला-दुसरा मजला, समोर बांधकाम चालू आणि खिडक्या दिवसभर उघड्या. अशा घरात सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. ही धूळ दोन प्रकारची असते. एक माती-सिमेंटची बारीक भुकटी, दुसरी कपड्यांचे तंतू, केस आणि गादीतून सुटलेला कापूस. तंतू आणि केस कोणतंही मशीन ओढतं. मशीनची खरी परीक्षा भुकटी घेते, कारण ती फिल्टरच्या छिद्रांत बसते आणि थोड्याच वापरात ओढ निम्म्यावर येते. म्हणून मशीन निवडताना ओढीच्या आधी एक प्रश्न विचारावा: आत आलेली भुकटी नेमकी कुठे अडते?

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावरून हे कळत नाही. तो आकडा मोटर किती वीज खाते ते सांगतो. ओढ ठरते ती नळीतून किती हवा वाहते आणि फिल्टर भरल्यावर त्यातली किती टिकते यावर. कोऱ्या फिल्टरवर दुकानात दाखवलेलं प्रात्यक्षिक पाहून भुलू नये, तिथे सगळीच मशीन छान चालतात.

बिनपिशवीचं मशीन पिशवीचा खर्च वाचवतं, पण त्यातली हवा धूळ गाळणाऱ्या भांड्यातून निघून थेट फिल्टरवर येते. भुकटी जास्त असेल तर फिल्टर सारखा झटकावा लागतो, आणि भांडं रिकामं करताना धुळीचा लोट तोंडावर येतो. दम्याच्या माणसाने तर हे काम करूच नये. बॅटरीवर चालणारी काठीसारखी मशीन रोजच्या वरवरच्या सफाईला सोयीची आहेत, पण त्यांचं भांडं बहुधा अर्ध्या लिटरच्या आसपास असतं आणि पूर्ण ताकदीवर बॅटरी काही मिनिटांतच उतरते. साठलेल्या धुळीला ती पुरत नाहीत. रोबो लादीवरची रोजची धूळ कमी ठेवतो. पंखा, गादी, खिडकीची पट्टी त्याच्या आवाक्यात नाही आणि उंच उंबरा त्याला ओलांडता येत नाही. पाण्याच्या फिल्टरची मशीन दिसायला पटतात, पण कोरडी बारीक भुकटी हवेच्या बुडबुड्यात बसून पाण्यातून पार जाऊ शकते, म्हणून त्यांनाही मागे चांगला फिल्टर लागतोच. शिवाय वापर झाल्या झाल्या गढूळ पाणी ओतून टाकी धुवून वाळवली नाही, तर दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. रोज हे करायची कोणाची तयारी असते?

उरतो पिशवी लावता येणारा ओला-सुका ड्रम, म्हणजे कोरडी धूळ आणि पाणी दोन्ही ओढणारं पिंपासारखं मशीन. कार्चर या जर्मन कंपनीचा डब्ल्यूडी ३ या प्रकाराचं नेमकं उदाहरण आहे: १००० वॉटची मोटर, १७ लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, ३५ मिलिमीटरचे जोड, २ मीटर नळी, अर्ध्या-अर्ध्या मीटरचे दोन पाइप. सोबत जमिनीचं नोझल, फटीचं चपटं नोझल, कार्ट्रिज (घड्या घातलेला नळकांड्यासारखा) फिल्टर आणि एक फ्लीसची पिशवी मिळते.

याच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट ही पिशवीच. फ्लीस म्हणजे न विणलेलं जाडसर कापड. कागदी पिशवी ओलसर झाली की फाटते, ही फाटत नाही. आणि धूळ तिच्या जाडीत थराथराने अडकत असल्यामुळे वरचा थर माखला तरी हवा वाहत राहते. कार्ट्रिजपर्यंत मग फार थोडी धूळ पोचते. पिशवी बदलायची ती भरल्यावर नव्हे, ओढ उतरल्यावर. सिमेंटची भुकटी असेल तर अर्धी रिकामी पिशवीसुद्धा निकामी होते. ती झटकून पुन्हा लावण्याचा मोह टाळावा: छिद्रं बुजलेलीच राहतात, शिवण सैल होते आणि भुकटी पुढे सरकते. पिशव्या चारच्या पाकिटात मिळतात. मशीनबरोबरच एक पाकीट घ्यावं.

आता उणिवा. गादी-सोफ्याचं नोझल सोबत येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. धुळीच्या घरात ते जमिनीच्या नोझलपेक्षा जास्त वापरलं जातं, त्यामुळे त्याची किंमत मशीनच्या किमतीत धरूनच हिशेब करा. वायर आपोआप आत गुंडाळली जात नाही आणि ती साधारण ४ मीटरच असल्याने खोलीगणिक सॉकेट बदलावं लागतं. आवाज मोठा आहे, दुपारी बाळ झोपलेलं असताना चालवण्यासारखं हे मशीन नाही. आणि यातला कार्ट्रिज हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणारा फिल्टर, नाही. घरात दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर पिशवी आणि एच-१३ दर्जाचा हेपा असलेलं बंद बांधणीचं मशीनच घ्यावं. अडवायला सगळ्यात अवघड आकाराचे कणही एच-१३ किमान ९९.९५ टक्के अडवतो. मात्र झाकणाच्या रबरी कडेतून हवा निसटत असेल तर या आकड्याला अर्थ राहत नाही. तपासणी सोपी आहे. खोली अंधारी करायची, मशीन सुरू करायचं आणि हवा बाहेर पडते तिथे व झाकणाच्या कडेला टॉर्चचा झोत आडवा धरायचा. झोतात कण उधळताना दिसले तर मशीन गळतंय.

वापरताना क्रम वरून खाली. आधी पंख्याची पाती, कपाटांचे माथे, पडद्यांच्या वरच्या घड्या. मग खिडकीची पट्टी, सोफा, गादी. सगळ्यात शेवटी लादी. आधी झाडू मारू नये, त्याने बारीक धूळ हवेत उडते आणि पुसून झाल्यावर पुन्हा खाली बसते. खिडकीच्या पट्टीतली चिकटलेली माती कोरड्या ब्रशने सैल करून चपट्या नोझलने ओढावी. पाणी आधी टाकलं तर तिथे चिखल होतो. गादीवर नोझल अगदी सावकाश, आधी उभं, मग आडवं फिरवावं. भराभर फिरवलं तर फक्त वरचा थर निघतो. हलकी सतरंजी नोझलला चिकटून वर येते, तिच्या कडेवर पाय ठेवून उभं राहावं.

पाणी ओढायचं असेल तर पिशवी आधी काढा. ड्रम भरला की आतली तरंगती झडप हवेची वाट बंद करते, मोटरचा आवाज एकदम चढतो आणि ओढ थांबते. हा बिघाड नाही. मशीन बंद करून ड्रम रिकामा करायचा.

कार्ट्रिज गॅलरीत बादलीच्या आतल्या बाजूला हलकेच आपटून साफ करावा. फारच माखला तर वाहत्या पाण्याखाली धरावा, ब्रशने घासू नये, घड्या फाटतात. मग सावलीत पूर्ण वाळवावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, त्याला दोन दिवसही लागतात. ओलसर कार्ट्रिज लावून मशीन चालवलं तर भुकटीचं लिंपण होतं आणि तो कार्ट्रिज वाया जातो. म्हणून दुसरा कार्ट्रिज घरात असावाच.

विजेचं: १००० वॉटला २३० व्होल्टवर सव्वाचार-साडेचार अँपिअर लागतात, साधं ६ अँपिअरचं सॉकेट चालतं. १६०० वॉटचं मशीन ७ अँपिअरच्या आसपास जातं, त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं. एक्स्टेन्शन लावलंत तर जाड तारेचं घ्या आणि पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली तार तापते.

भिंतीची पुट्टी घासल्यावरची किंवा फरशी कापल्यावरची भुकटी मात्र कोणत्याही घरगुती मशीनने ओढू नका. तिच्यात सिलिका असू शकते आणि ती फुप्फुसाला घातक आहे. त्या कामासाठी युरोपीय मानकातला निदान एम वर्ग लागतो, म्हणजे ९९.९ टक्के धूळ अडवणारं मशीन, आणि ते ठेकेदाराने आणायचं असतं. अगरबत्तीची गरम राख आणि लेझर प्रिंटरचा टोनरही मशीनमध्ये जाऊ देऊ नका. राखेतला निखारा पिशवीतच धुमसतो. टोनर इतका बारीक असतो की पिशवी आणि कार्ट्रिज दोन्हींतून पार जाऊन मोटरीत शिरतो.