अलास्कातलं बीएचए प्रशिक्षण: १४ महिने वापरल्यानंतर

पश्चिम अलास्कातल्या एका गावात मी १४ महिन्यांपासून बीएचएंची पर्यवेक्षक आहे. बीएचए म्हणजे बिहेवियरल हेल्थ एड. दारू, नैराश्य, घरातली मारहाण, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, यातलं काहीही झालं की गावात ज्याचं दार पहिल्यांदा वाजतं तो माणूस. मी आले तेव्हा माझ्याकडे सहा जण होते, आता पाच आहेत. सगळे युपिक, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातले, आपापल्या गावातच वाढलेले. त्यांचं प्रशिक्षण मी वर्गात बसून पाहिलं, थोडं स्वतः शिकवलं, आणि शिकवलेलं गावात किती उतरतं ते दर आठवड्याला फोनवर ऐकलं. त्याआधी दोन वर्षं मी नंदुरबारच्या धडगाव भागात आशाताईंच्या प्रशिक्षणात होते. आदिवासी भागात गावातल्याच माणसांना तयार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते. गावाचं, संस्थेचं नाव देत नाही. चारशे वस्तीच्या गावात एवढ्या-तेवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

आधी हे प्रशिक्षण का लागतं ते सांगते. इथल्या बहुतेक गावांना रस्ताच नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात स्नोमशीन म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटर, नाहीतर सहा-आठ जणांचं विमान. कुस्कोक्विमसारखी मोठी नदी नीट गोठली की तिच्यावरून गाड्या धावतात. पण गोठण्याच्या आणि बर्फ फुटण्याच्या दिवसांत ना बोट चालते ना गाडी. हवा बिघडली की विमानही येत नाही. म्हणजे डॉक्टर किंवा समुपदेशक गावात पोहोचेल, यावर भरवसा ठेवताच येत नाही. जे करायचं ते गावातल्या माणसानेच.

ही समज इथे जुनी आहे. १९५०च्या दशकात क्षयाने गावंच्या गावं पोखरली होती, तेव्हा गोळ्या द्यायला गावातल्याच लोकांना शिकवलं गेलं. त्यातून कम्युनिटी हेल्थ एड उभे राहिले, १९६८पासून त्याला केंद्र सरकारचा नियमित पैसा मिळू लागला. बीएचए ही त्याच झाडाची नंतर फुटलेली फांदी. तिच्या चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला ठरलेलं शिक्षण, देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास आणि प्रमाणपत्र. नोकरी पगारी आहे, आणि हे मला सगळ्यात आधी जाणवलं. आमच्या आशाताई २००५पासून पगाराशिवाय, मानधन आणि कामागणिक मोबदला यांवर राबताहेत, आणि मानधन वाढावं म्हणून त्यांना रस्त्यावर बसावं लागतं. इथे महिन्याचा पगार असल्यामुळे बीएचए एखाद्या घरी दोन तास नुसती बसून राहू शकते. त्या दोन तासांचा फॉर्म भरला नाही तर चूल पेटणार नाही, अशी धास्ती तिला नसते.

आता प्रशिक्षणाबद्दल. यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वर्गात एल्डर असतात, म्हणजे समाजातली वडीलधारी, जाणती माणसं. पाहुणे म्हणून उद्घाटनापुरती आणलेली नव्हेत. पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत ती बसतात आणि मधेच बोलतात. फेअरबँक्सच्या अलास्का विद्यापीठाचा रूरल ह्यूमन सर्व्हिसेस नावाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, त्यातही एल्डर असतात. माझ्या सहापैकी एकीने तो केला होता आणि तिच्यात फरक सरळ दिसायचा. समोरचा गप्प झाला की ती गप्प राहायची. बाकीच्यांना ते शिकायला महिने लागले, आणि मला त्यांच्याहून जास्त.

एक तास मी विसरणार नाही. विषय होता शोक. पुस्तकातल्या पायऱ्या मी फळ्यावर लिहिल्या, शेवटची पायरी स्वीकार. कोपऱ्यात बसलेल्या आजी बराच वेळ फळ्याकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, आमच्यात माणूस गेला की पुढे जन्मणाऱ्या बाळाला त्याचं नाव देतात. माझ्या आईचं नाव माझ्या पुतणीच्या मुलीला आहे. ती घरी आली की मी तिला आईच म्हणते, आईला आवडायचं ते तिला खायला देते. मग मी हे कुठे लिहू?

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मला आमचं घर आठवलं. माझ्या भावाला आजोबांचं नाव ठेवलं, आणि सासऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून आईने त्याला जन्मभर बाळ म्हणूनच हाक मारली. गेलेलं माणूस घरात असतंच, हे मला माहीत होतं. फक्त शिकवायला उभी राहिले तेव्हा ते मी बाजूला ठेवलं होतं. त्या दिवशी फळा पुसला आणि प्रत्येकाने आपण कुणाचं नाव घेऊन फिरतो ते सांगितलं. एरवी तोंड न उघडणारा एक तरुण वीस मिनिटं बोलला. आता शोकाचा धडा आम्ही तिथूनच सुरू करतो.

जे चाललं नाही तेही सांगते. समुपदेशन कसं करावं हे दाखवणारे तयार व्हिडिओ आहेत. त्यात समुपदेशक डोळ्यांत डोळे घालून बसते, दर वाक्यानंतर समोरच्याचं म्हणणं त्याला परत ऐकवते. इथल्या गावांत ते उद्धट वाटतं. ‘हो’ म्हणायला भुवया उचलणं पुरतं. प्रश्न आणि उत्तर यांच्यात इतकी शांतता जाते की बाहेरच्याला वाटतं, ऐकलंच नाही बहुतेक. पहिल्या महिन्यांत मी त्या शांततेत पुढचा प्रश्न घुसवत असे आणि उत्तर तिथेच मरायचं. एका बीएचएने मला सांगितलं, तू सहा श्वास थांब. तेव्हापासून मी श्वास मोजते.

गोपनीयतेचा धडाही शहरासाठी लिहिलेला आहे. बंद दार, कुलूपबंद कपाट, हे सगळं ठीक. पण क्लिनिकबाहेर कुणाचं स्नोमशीन उभं आहे हे गावातल्या पोरालाही कळतं. म्हणून माझ्या लोकांची खरी कामं क्लिनिकमध्ये होतच नाहीत. मासे कापताना होतात, लाकडं आणताना होतात, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेलं असताना होतात. शेजारी-शेजारी बसलेलं असतं, हाताला काम असतं, नजर द्यावी लागत नाही. नोंदीच्या फॉर्ममध्ये याला जागा नव्हती. चार महिने पत्रव्यवहार करून ती जागा करून घेतली.

वेळापत्रकाचा मात्र अजून राग येतो. एक सत्र जुलैत ठेवलं, जेव्हा अख्खं कुटुंब वर्षभराचे सामन मासे वाळवायला नदीकाठी मुक्कामाला असतं. दुसरं जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, जेव्हा रशियन ऑर्थोडॉक्स पंथाच्या गावांत नाताळचा तारा घेऊन घरोघरी गात फिरतात. ज्यांनी तारखा ठरवल्या त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. पेरणीच्या दिवसांत आशाताईंची बैठक लावणारे लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे ही चूक ओळखीची वाटली.

शहरात तीन आठवडे राहून शिकायच्या सत्राला दोघांनी नकार दिला. आधी मला वाटलं, विमानाची भीती असेल. मग एकीच्या आईने मला तीनदा विचारलं, नक्की कधी परत येणार? या आईच्या पिढीला आठवीनंतर शिकायचं तर शेकडो मैल लांबच्या वसतिगृहात जावं लागत होतं. तिथे आपली भाषा बोलली म्हणून मार खाल्लेली माणसं अजून गावात आहेत. मॉली हूच या मुलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९७६ साली तडजोड झाली आणि १२६ गावांना आपापल्या गावात माध्यमिक शाळा मिळण्याचा हक्क मिळाला. इथे ‘शिकायला बाहेर पाठवणं’ या शब्दांना असा इतिहास आहे. पुढचं सत्र आम्ही गावातच घेतलं, शाळेच्या जिममध्ये, आणि ती आई रोज मूसचं, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचं, सूप घेऊन येत होती.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. प्रशिक्षण दुसऱ्याचं दुःख कसं उचलायचं ते शिकवतं, पण इथे दुसरा असा कुणी नसतो. गेल्या नोव्हेंबरात माझ्या एका बीएचएच्या भाच्याने जीव दिला. त्या रात्री ड्यूटीवर तीच होती. शिकवलेलं सगळं तिने केलं: बहिणीजवळ बसली, घरातल्या बंदुका हलवल्या, त्याच्या मित्रांना एकेकटं गाठून विचारलं, विमान येईपर्यंत दोन दिवस झोपली नाही. सोमवारी तिने नोंदही लिहिली, स्वच्छ, तारीखवार. मी ती वाचली, सही केली. ती नोंद एका मावशीने लिहिली आहे, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता. रजा तीन दिवसांची होती आणि तिच्या जागी पाठवायला माणूस नव्हता. फेब्रुवारीत तिने नोकरी सोडली. जी सहावी होती, ती हीच.

त्या महिन्यात मी धडगावच्या जुन्या वह्या काढल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्या कामाचा देशाच्या धोरणावर परिणाम झाला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी जाते: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. बोलावणं येवो न येवो, ती जातेच. जीव द्यायच्या प्रयत्नातून वाचून इस्पितळातून परतलेल्या माणसालाही पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, आणि आमचे बीएचए मात्र तो क्लिनिकमध्ये यायची वाट बघत होते. मी तेच दिवस इथे लावले. घरी जायचं, चहा घ्यायचा, विचारायचं असेल तर विचारायचं, नाहीतर मासे कापू लागायचं. आठ महिन्यांत नऊ जणांकडे अशा फेऱ्या झाल्या. त्यावरून मोठा दावा करता येत नाही. पण एकाही घराने दार लावून घेतलं नाही, आणि एका आजोबांनी चौदाव्या दिवशी स्वतःच फोन करून विचारलं, आज येणार ना?

तेच दिवस आता बीएचएसाठीही आहेत. गावात मृत्यू झाला की त्यांना फोन जातो, आणि तो मी करत नाही. दुसऱ्या गावातला बीएचए करतो, युपिक भाषेत, कामाचा विषय न काढता. त्याची नोंद ठेवत नाही. बदलीचं माणूस अजूनही मिळालेलं नाही, त्यासाठीचा अर्ज वरच्या कार्यालयात पडून आहे.

कुणी हे प्रशिक्षण आपल्याकडे वापरायचं म्हणत असेल तर जरूर वापरा. एल्डर वर्गात बसवा, त्यांना पैसे द्या, त्यांना मधेच बोलू द्या. व्हिडिओ सोडून द्या. तारखा गावाला विचारून ठरवा. पहिली तुकडी निवडतानाच तिच्या जागी कोण जाईल तेही निवडा, ते नंतर जमत नाही. या प्रशिक्षणाला पाचपैकी मी चार गुण देईन, पाचवा त्या बदलीच्या माणसासाठी राखून ठेवला आहे.

नोकरी सोडून गेलेल्या त्या बाईला या महिन्यात नात झाली. नाव भाच्याचं ठेवलं आहे. युपिक नावांत मुलाचं-मुलीचं वेगळं नसतं. उद्या बाळाचा सातवा दिवस आहे, वारा पडला तर सकाळच्या विमानाने मी तिकडे जाणार आहे.