कानपुरी लंजिंग संच: स्वाराला उडवणाऱ्या तरण्या घोड्यासाठी कितपत कामाचा?

घोडा तीन-चार वर्षांचा, जमिनीवर गरीब. पण स्वाराने मांड टाकली की डोकं खाली घालतो, पाठ वर काढतो आणि उसळ्या मारत सुटतो. अशा घोड्यांसाठी हल्ली कानपूरहून येणारा कातडी लंजिंग संच, म्हणजे घोड्याला लांब दोरीवर वर्तुळात फिरवायचं सामान, बरेच जण मागवतात. त्यात चार वस्तू असतात: नाकावर कड्या असलेली कॅव्हेसन मोहरकी, पोटाभोवती बांधायचा रोलर, लगामाची कडी रोलरला जोडणाऱ्या दोन पट्ट्या म्हणजे साइड रेन आणि आठ मीटरची दोरी. थोडक्यात मत असं: कॅव्हेसनसाठी घ्यावा, रोलरला एक जोड द्यावी आणि साइड रेन बदलून टाकाव्यात.

कॅव्हेसन खरोखर चांगली आहे. नाकावरच्या पट्टीत धातूची पाती असून तिला खालून जाड गादी आहे. मधल्या कडीत दोरी अडकवली की ओढ नाकाच्या हाडावर येते, तोंड सुटं राहतं. नव्या घोड्याला हेच हवं. लगामाच्या कडीत दोरी लावून फिरवलं, तर प्रत्येक उसळीला जबड्यावर हिसका बसतो आणि पुढे तो लगामच घेईनासा होतो. पट्टी गालाच्या हाडाखाली दोन बोटं बसवा. त्याहून खाली आली तर मऊ कूर्चेवर दाब येऊन श्वास अडतो. जबड्याखालचा पट्टा मात्र घट्टच हवा, नाहीतर ओढ लागली की गालपट्टी सरकून बाहेरच्या डोळ्यात जाते. स्वस्त नायलॉनच्या संचांत हा पट्टा बहुतेक नसतोच. त्यासाठी जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

रोलरचं कातडं आणि शिलाई चांगली, दोन्ही बाजूंना तीन-तीन कड्या. पण सोबत छातीपट्टा येत नाही, आणि ही उणीव किरकोळ नव्हे. उसळ्या मारताना रोलर मागे सरकतो, बरगड्या संपतात तिथे मऊ पोटावर जाऊन आवळतो, आणि मग घोडा आणखी पेटतो. अमेरिकेतल्या रोडिओत घोड्याने उसळावं म्हणून पट्टा मुद्दाम त्याच जागी बांधतात. छातीपट्टा वेगळा घ्याच. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नका: एक भोक, चार पावलं चालवणं, पुन्हा एक भोक. पहिल्याच दिवशी करकचून बांधलेल्या तंगामुळे कितीतरी घोडे जन्मभर तंग बांधताना पोट फुगवतात, दात दाखवतात.

साइड रेनना ना रबर, ना लवचीक पट्टी. घोड्याने मान पुढे केली की कोरा हिसका बसतो. रबरी कडीच्या घ्या. त्या लावायच्या दहा मिनिटं मोकळं फिरवल्यावर, नाक उभ्या रेषेच्या थोडं पुढे राहील इतक्या सैल. उसळू नये म्हणून डोकं छातीला बांधून टाकणारे लोक आहेत. पुढे जायची वाट बंद झालेला तरणा घोडा मागच्या पायांवर उभा राहतो, आणि तसाच उलटला तर स्वार त्याच्याखाली येतो. स्वार चढण्यापूर्वी साइड रेन काढायच्याच.

संचाचा खरा उपयोग म्हणजे उसळी कधी येते ते जमिनीवरून दिसतं. पंधरा ते वीस मीटर व्यासाचं वर्तुळ, दोन्ही बाजूंनी मिळून फार तर वीस मिनिटं. लहान वर्तुळात कोवळे सांधे दुखावतात. दोरी हाताला कधीही गुंडाळू नका, घडी करून धरा, हातमोजे घाला. आधी नुसता रोलर, मग खोगीर, मग मोकळ्या लोंबत्या रिकिबी, मग खोगिरावर घट्ट बांधलेली भुश्याची पोती. दुडकीतून धावेत जाताना उसळला तर बहुधा तोल सावरता येत नाही. तंग बांधताच पाठ ताठ झाली तर दुखणं शोधा. खोगीर सुटं असताना खांद्याच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटांची जागा राहते का, मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेवर जातं का, कण्याच्या दोन्ही बाजू दाबल्यावर घोडा पाठ खाली घेतो का, हे पाहा. वरच्या दाढांपुढचे बारीक लांडगेदात लगामाला लागतात, तेही पशुवैद्याकडून तपासा. दुखणाऱ्या पाठीवर लंजिंग करून काहीही साधत नाही.

चंदीचं, म्हणजे दाण्याचंही तेच. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला मारवाडी वा काठेवाडी घोडा थंडीत दिवसभर बांधून राहतो, तोबऱ्यात मात्र हरभरा आणि बाजरी भरपूर पडते. तो उसळणारच. दाणा निम्म्याने कमी करा, वैरण वाढवा, रोज काही तास मोकळा सोडा. आठवड्याभरात फरक दिसतो.

स्वार चढवताना कॅव्हेसन लगामावर तशीच ठेवा, दोरी माहीतगाराच्या हातात द्या. पहिले काही दिवस स्वाराने खोगिरावर पोटावर आडवं पडून भार द्यायचा आणि उतरायचं. घोडा सैल उभा राहिला की मगच मांड. स्वाराला धरायला मानेभोवती एक साधा पट्टा बांधा, म्हणजे तोल गेला तरी हात लगामावर लोंबत नाहीत. पाठ फुगल्याचं जाणवताच एक हात वर आणि बाजूला नेऊन मान वळवायची, टाच हलकेच लावून पुढे काढायचं. डोकं खाली गेल्याशिवाय आणि पाय थबकल्याशिवाय मोठी उसळी बसत नाही. दोन्ही लगाम एकदम खेचणं आणि भीतीने टाचा आवळणं, या दोन गोष्टींनी छोट्या उसळीची मोठी होते.

मागवताना मापाची काळजी घ्या. मारवाडी घोड्याचं तोंड अरुंद असतं, शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याच्या मापाची कॅव्हेसन त्याच्या नाकावर फिरते. नाकाचा घेर गालाच्या हाडाखाली दोन बोटांवर फितीने मोजून कळवा. पितळी दिसणाऱ्या कड्यांना लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं तर आत लोखंड आहे, कोकणातल्या एका पावसात गंजेल, आणि आधी तुटते ती दोरीची कडीच.