मुलांना विचारायचं की पोलिसांचे आकडे घ्यायचे?

नागपुरात बर्डीवर तर्री-पोहे खाताना मित्राने विचारलं, "भाऊ, मारामारीत अडकलेल्या पोरांसाठी आम्ही समुपदेशन चालवतो. देणगीदार म्हणतो, परिणाम मोजायला पैसे देतो. ते लावू कशात? सर्वेक्षणात की पोलिसांच्या नोंदींत?"

खर्च पाहिला तर नोंदी स्वस्त. पण हातात काय येतं? वस्तीतल्या बहुतेक हाणामाऱ्यांचा एफआयआरच होत नाही. एखादं वर्ष पोलीस कडक झाले की आकडा वाढतो, पोरं तीच. शिवाय अठराखालच्यांची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 74 आड येतं. म्हणजे नोंदी मिळाल्या तरी एकेका मुलाशी जोडता येणं अवघडच.

सर्वेक्षण महाग. मुख्य खर्च प्रश्नावलीचा नाही, पोरं पुन्हा शोधण्याचा. घर बदलतात, सिम बदलतात. आई, पानठेलेवाला, दोस्त असे तीन-चार संपर्क आधीच लिहून ठेवावे लागतात. आणि खोटं बोलले तर? लायबेरियात मोनरोव्हियातल्या 999 तरुणांवरच्या अभ्यासात ही शंका तपासली होती. स्थानिक संशोधकांनी काही जणांसोबत दिवस घालवून उत्तरं पडताळली. चोरी-नशेसारख्या गोष्टींत लपवाछपवी फारशी निघाली नाही. मात्र विचारणारा समुपदेशक नको, बाहेरचा हवा. गुरुजींना कोण खरं सांगेल!

शे-दीडशे पोरं असतील तर सर्वेक्षणच करा. संपूर्ण वस्तीचा कल पाहायचा असेल, तर पोलिसांचे एकूण आकडे पुरतात.