पावसात टीव्ही जातो: डिश मोठी करावी की वायर बदलावी?

जून लागला की मेकॅनिक दोनपैकी एक सल्ला देतो. ६० सेंटिमीटरची डिश काढून ९०ची बसवा, नाहीतर एलएनबीपासून (डिशपुढे बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा) सेट-टॉप बॉक्सपर्यंतची वायर कनेक्टरसकट बदला.

९०च्या डिशचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे सिग्नलला साधारण साडेतीन डेसिबलची (सिग्नलच्या जोराचं माप) शिल्लक मिळते. मध्यम पावसात ती कामाला येते. गोव्यात वाळपई-सत्तरीसारख्या जास्त पावसाच्या भागात राहणाऱ्याने या पर्यायाचा विचार जरूर करावा. पण खऱ्या मुसळधार सरीत सिग्नल दहा डेसिबलनेही पडू शकतो. तेव्हा मोठ्या डिशवरही टीव्ही जातो, फक्त जरा उशिरा जातो आणि लवकर येतो. शिवाय वाऱ्याचा जोर तिच्यावर सव्वादोन पट. ६०ची डिश अंशभर हलली तर एरवी चालून जातं, ९०ची हललेली लगेच कळते. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत नुसत्या प्लास्टिक प्लगवर ती लटकवू नये. चिरा भुसभुशीत, प्लग सुटतो. काँक्रीटमध्ये पाइप रोवायची तयारी असेल तरच हा खर्च करावा.

माझं पारडं वायरीकडे झुकतं, त्याचं कारण एकच वैताग: पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं, तरी दुपारपर्यंत पडद्यावर ‘नो सिग्नल’. पावसाने अडवलेला सिग्नल सर ओसरली की काही मिनिटांत परत येतो. तासन्‌तास येत नसेल तर पाणी बहुधा कनेक्टरमध्ये बसलंय. किनाऱ्यालगत खारा वारा त्यात भर घालतो. कनेक्टर उघडा, वायरीतली तारांची जाळी काळी-हिरवी पडलेली दिसेल. दुसरी खूण म्हणजे एका गटातले चॅनेल गायब, बाकीचे ठीक. चॅनेलचे सिग्नल आडव्या आणि उभ्या लहरींच्या दोन गटांत (पोलरायझेशन) येतात. आडव्या गटासाठी बॉक्स एलएनबीला १८ व्होल्ट पाठवतो, उभ्यासाठी १३; गंजलेल्या जोडात १८ गळतात, एलएनबीला १३च वाटतात आणि आडवा गट जातो. इथे कितीही मोठी डिश आणा, उपयोग शून्य.

बॉक्सचा प्लग काढूनच कामाला हात घालावा. आरजी-६ जातीची डिशची वायर घ्यावी, मध्ये जोड न देता अखंड. पिळून बसवायचा कनेक्टर स्वस्त, पण पाणी आत घेतो. दाबून बसवायचा कॉम्प्रेशनवाला घ्यावा, त्याचं हत्यार मेकॅनिककडे आहे ना ते आधी विचारावं. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर एक-दोन मिलिमीटर, जाळीचा एकही केस तिला चिकटता कामा नये. वर स्वतःला चिकटणारी रबर टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे प्रत्येक फेरा कौलासारखा खालच्यावर बसतो. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन मात्र लावू नये, त्यातलं आम्ल तांबं खातं. घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यावा, पाणी तिथेच ठिबकेल.

दोन्हीआधी एकदा डिशच्या रोखाने वर बघावं. दूरदर्शनच्या मोफत ‘फ्री डिश’ सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. गोव्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६१ अंशांवर. त्या रेषेत माडाची ओली झावळ आली असेल, तर मेकॅनिक नको, पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) बोलवा.